ड्रोनचं घर कुठे आहे?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)



दिवाळी सरली, धानाच्या कापणीला हात लागला की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. आज या गावची मंडई, उद्या पलीकडच्या गावची. दंडार, रात्रभराचं नाटक, जिलेबीचे ठेले, माहेरी आलेल्या लेकी. गेल्या काही वर्षांत या गर्दीच्या डोक्यावर एक नवा पाहुणा घोंगावताना दिसतो, तो म्हणजे कॅमेरा लावलेला छोटा ड्रोन. गोंदिया जिल्ह्यात असे ड्रोन बाळगणारे हौशी तरुण आता खेड्यांतही भेटतात. कुणी तलावावरची सकाळ टिपतो, कुणी कचारगडचा डोंगर, कुणी मामाच्या गावची मंडई. मला इलेक्ट्रॉनिक्सचा जुना नाद आहे. त्यामुळे यातली काही मंडळी आपलं यंत्र घेऊन माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "भाऊ, जीपीएस येत नाही."

हे म्हणजे डॉक्टरकडे जाऊन 'ताप आला' म्हणण्यासारखं आहे. ताप मलेरियाचा, टायफॉइडचा की नुसता उन्हाचा, हे पाहिल्याशिवाय गोळी देता येत नाही. जीपीएसच्या तक्रारीतही तीन-चार निरनिराळे आजार लपलेले असतात आणि त्यांतल्या निम्म्यांचा जीपीएसशी संबंधच नसतो.

आधी एक गोष्ट सांगतो. सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका गावात मामा तलावाच्या पाळीवर उभं राहून एक मुलगा ड्रोन उडवत होता. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारांच्या काळात बांधलेले असे शेकडो तलाव आमच्या भागात आहेत. तर या मुलानं बॅटरी लावली, अर्धा मिनिट वाट पाहिली. पडद्यावर उपग्रहांचा आकडा पाच-सहावर अडकला होता. सूर्य वर येत होता, चांगला उजेड निघून चालला होता. त्यानं सरळ ड्रोन उचलला. ड्रोन पाण्यावर गेला, तिथं मोकळं आकाश मिळालं, उपग्रह भराभर वाढले आणि फोनमधून आवाज आला की होम पॉइंट नोंदला गेला आहे. मुलाला आनंद झाला. पंधरा मिनिटांनी बॅटरी उतरली, ड्रोन आपोआप 'घरी' निघाला आणि तलावाच्या मधोमध जाऊन शांतपणे खाली उतरू लागला. परतीचा हुकूम रद्द करायचं बटण त्याला घाईत सापडलं नाही. यंत्रात काही बिघाड नव्हता. जिथं त्याला पहिल्यांदा आपला पत्ता कळला, तेच त्यानं घर मानलं होतं.

यात त्या मुलाचे पैसे पाण्यात गेले, अगदी शब्दशः. पण हाच प्रकार मंडईत घडला असता तर? घराचा पत्ता गर्दीच्या मधोमध नोंदला गेला असता आणि चार फिरत्या पात्यांचं यंत्र एखाद्या लेकराच्या डोक्यावर उतरलं असतं. म्हणून जीपीएसच्या तक्रारीकडे मी नुसती दुरुस्ती म्हणून पाहत नाही.

हे उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश जमिनीवर पोहोचतो तेव्हा तो किती क्षीण असतो याचा अंदाज घ्या. एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा, त्यातला एक भाग तुमच्या ड्रोनच्या वाट्याला येतो. एवढ्या कुजबुजीतून त्याला निदान चार उपग्रहांपासूनचं अंतर काढायचं असतं. तीन अंतरांवरून जागा कळते आणि चौथं लागतं ते ड्रोनमधल्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक काढण्यासाठी. आजचे बहुतेक ड्रोन अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रहही ऐकतात, म्हणून पडद्यावर पंधरा-वीस असा आकडा दिसतो. एक गंमत सांगण्यासारखी आहे. पूर्वी अमेरिका मुलकी वापरासाठीचा संदेश मुद्दाम बिघडवून पाठवत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक यायची. ती अडवणूक उठवल्याची घोषणा झाली १ मे २००० या दिवशी. त्याच दिवशी आपला गोंदिया जिल्हा बरोबर एक वर्षाचा झाला होता. शंभर मीटरची चूक राहिली असती तर पाळीवरून उडालेला ड्रोन पाळीवरच परत येईल, याची खात्री कुणीच दिली नसती.

आता पहिला आणि सर्वांत सौम्य आजार, घाई. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची अचूक माहिती दर तीस सेकंदांनी पुन्हा सांगतो. ती एकदा अखंड ऐकावी लागते. मध्येच कुणी ड्रोन उचलून हलवला, वर हात धरला, तर पुढच्या फेरीची वाट पाहणं आलं. ही माहिती काही तासांतच शिळी होते. शिवाय सगळ्या उपग्रहांचं एक ढोबळ पंचांग असतं. ते पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. ड्रोन महिनाभर पेटीत पडून असेल किंवा पुण्याहून रेल्वेनं गोंदियाला आणला असेल, तर त्याच्याकडचं पंचांग जुनं असतं आणि पहिल्या खेपेला तो वेळ घेतो. अशा वेळी बॅटरी लावायची, उघड्या जागी ठेवायचा आणि चहा प्यायला बसायचं. माझा सल्ला असा की उडवण्याची बॅटरी यात खर्च करू नये. जुनी, थोडी थकलेली बॅटरी या कामासाठी वेगळी ठेवावी. ती फुगलेली मात्र नसावी. फुगलेली बॅटरी कुठल्याच कामाची नाही.

मे महिन्यात एक वेगळी अडचण येते. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पंखे बंद असताना ड्रोन जमिनीवर नुसता तापत राहतो आणि मग तापल्याची सूचना देऊन बंद पडतो. म्हणून लोक त्याला सावलीत ठेवतात, टिनाच्या छपरीत किंवा मोहाच्या झाडाखाली. टिनातून हा संदेश आत येतच नाही. दाट पानांतून थोडा येतो, पण पावसानं भिजलेल्या पानांतून फारच कमी, कारण पाणी या लहरी गिळतं. यावर साधा उपाय आहे. चार काड्यांवर कोरडं सुती धोतर किंवा ओढणी ताणून धरा. कापडातून लहरी आरपार जातात आणि ऊन अडतं. चंदेरी मुलामा दिलेली छत्री मात्र नको, तो मुलामा धातूचा असू शकतो.

दुसरा आजार जागेचा. पडद्यावर बारा उपग्रह दिसतात, तरी ड्रोन एका जागी थांबत नाही, असं कुणी सांगितलं की मी विचारतो, उभे कुठे होता? उत्तर येतं, राईस मिलच्या आवारात. तिथं एका अंगाला टिनाची उंच भिंत, दुसऱ्या अंगाला धातूचे कोठारासारखे उभे पिंप. उपग्रहाचा संदेश सरळ येतो तसा टिनावर आपटूनही येतो. आपटून आलेला लांबच्या वाटेनं येतो आणि ड्रोनला वाटतं, उपग्रह आणखी दूर आहे. त्यावरून काढलेला पत्ता चुकणारच. आवाराबाहेर पन्नास पावलं चालत जा, आजार बरा.

कचारगडला वेगळं होतं. सालेकसा तालुक्यातली ही गुहा गोंड समाजाचं मोठं श्रद्धास्थान आहे, माघ पौर्णिमेला तिथं दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. गुहेच्या तोंडाशी उभं राहिलं की अर्धं आकाश डोंगरानं झाकलेलं असतं. उरलेल्या अर्ध्यात सात-आठ उपग्रह दिसतीलही, पण सगळे एकाच बाजूचे. भांडणात सगळे साक्षीदार एकाच घरचे असले तर न्याय कसा लागतो, तसं होतं. म्हणून नुसता आकडा पाहू नका. ज्या ड्रोनमध्ये 'एचडीओपी' नावाचा आकडा दिसतो तिथं तो पाहा. तो एकच्या आसपास असला तर उत्तम, दोनच्या वर गेला तर थांबा. दरेकसा, हाजरा फॉलच्या दरीतही हीच गत. आणि कचारगडला तर यात्रेच्या गर्दीवर ड्रोन नेण्याआधी तिथल्या मंडळींना आणि पोलिसांना विचारायला हवं. तो त्यांचा देव आहे आणि त्यांची माणसं आहेत.

तलावावर आणखी एक भलताच प्रकार घडतो आणि त्याचं खापर हमखास जीपीएसवर फुटतं. बऱ्याच ड्रोनच्या पोटाला खाली पाहणारा एक छोटा कॅमेरा असतो. जमिनीवरचे दगड-गवत पाहून तो ड्रोनला जागेवर ठेवायला मदत करतो. पाण्यावर दोन-तीन मीटर उंचीवर गेलात की त्याला दिसतात हलणाऱ्या लाटा. त्याला वाटतं, जमीन सरकते आहे की मीच सरकतो आहे? आणि ड्रोन लाटांबरोबर वाहू लागतो. नवेगाव बांध असो की इटियाडोह, पाण्यावर उंची ठेवावी, एवढाच त्यावर इलाज.

आता तिसरा आजार, माझ्या मते सर्वांत कपटी. तो जीपीएसचा नसतोच, होकायंत्राचा असतो. जीपीएस सांगतं तुम्ही कुठे आहात. तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे एका जागी तरंगणाऱ्या ड्रोनला ते सांगू शकत नाही. ते काम आतल्या चिमुकल्या होकायंत्राचं. आता समजा, वाऱ्यानं ड्रोन दोन मीटर पूर्वेला ढकलला. जीपीएस म्हणतं, पश्चिमेला चल. होकायंत्र बिघडलेलं असलं तर ते पश्चिम म्हणून दक्षिण दाखवतं. ड्रोन दक्षिणेला जातो, चूक आणखी वाढते, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा चुकीच्या दिशेला. पाहणाऱ्याला दिसतं की तो घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतो आहे आणि प्रत्येक फेरीला घेर वाढतो आहे. हे दिसलं की एक क्षणही न दवडता खाली उतरवा.

हे होकायंत्र बिघडतं कशानं? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून, जीपच्या बॉनेटवरून उडवल्यानं. घराच्या स्लॅबवरून, कारण स्लॅबमध्ये सळ्या असतात. हातपंपाशेजारून. आणि मंडई-लग्नात डीजेच्या भिंतीशेजारून, कारण प्रत्येक स्पीकरच्या पोटात भलंमोठं चुंबक असतं. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्रातून निघालेल्या उच्च दाबाच्या वाहिन्यांचे मनोरे तुम्ही पाहिले असतील. त्या लोखंडाजवळ तर जाऊच नका. होकायंत्राचं सोडा, तारा कॅमेऱ्यात दिसतही नाहीत.

यावर पडदा सांगतो, 'होकायंत्र कॅलिब्रेट करा'. आणि इथंच घोळ होतो. मंडळी जीपशेजारीच उभी राहून ड्रोन गोलगोल फिरवतात. त्यामुळे जीपचं लोखंड त्याच्या हिशेबात कायमचं जाऊन बसतं. आधी जागा बदला. गाडीपासून, खिशातल्या किल्ल्या-फोनपासून दूर, मोकळ्या वावरात जा. तरीही सूचना गेली नाही, तरच कॅलिब्रेट करा. उडवण्यापूर्वी पडद्यावरच्या नकाशात बाणाचं टोक पाहायची सवय लावून घ्या. ड्रोनचं नाक उत्तरेला आणि बाण पूर्वेला, असं असेल तर वीस उपग्रह असले तरी उडवू नका.

ज्यांनी स्वतः सुटे भाग जोडून ड्रोन बनवला आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. आपल्याकडे पॉलिटेक्निकची मुलं हा उद्योग करतात आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं. त्यांच्या ड्रोनमध्ये शत्रू बहुधा घरातच असतो. कॅमेरा, त्याची तार, चित्र पाठवणारा ट्रान्समीटर, मोटारींना वीज पुरवणारं सर्किट, या सगळ्यांतून थोडा थोडा विद्युत गोंगाट बाहेर पडतो आणि ती क्षीण कुजबुज त्यात बुडून जाते. तपासायचं कसं? ड्रोन उघड्यावर ठेवा, कॅमेरा बंद करा, पाच मिनिटांनी उपग्रह मोजा. मग कॅमेरा चालू करा, पुन्हा मोजा. मग ट्रान्समीटर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कॅमेरा चालू करताच आकडा चौदावरून सातवर आला, तर चोर सापडला. जीपीएसचा तुकडा एका छोट्या दांडीवर वर उचला, कॅमेऱ्यापासून दूर न्या, खाली तांब्याच्या पत्र्याचा आडोसा द्या. त्याची चौकोनी चिनीमातीची चकती आकाशाकडेच हवी. ती उलटी बसवलेली मी पाहिली आहे. ड्रोन एकदा पडला असेल तर त्या चकतीला बारीक तडा गेला आहे का पाहा. दर वेळी पहिल्यापासून दहा मिनिटं लागत असतील तर तुकड्यावरची छोटी राखीव बॅटरी मेली आहे असं समजा. पावसाळ्यानंतर जोडण्यांवर हिरवट गंज चढतो, तोही पाहा.

कधी कधी मात्र सगळं ठीक असतं आणि तरी उपग्रह ये-जा करतात. विशेषतः सूर्यास्तानंतर. त्याचं कारण आकाशात आहे. शंभर किलोमीटरच्या वर हवेचा विद्युतभारित थर असतो, त्याला आयनोस्फिअर म्हणतात. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तापासून तो भार उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे ढकलला जातो आणि उत्तरेचा ढीग नेमका मध्य भारतावर साचतो. गोंदिया साधारण साडेएकवीस अक्षांशावर, म्हणजे त्या ढिगाच्या जवळपासच. सूर्य मावळल्यावर त्यात बुडबुडे उठतात आणि संदेश लुकलुकतो, जसा ताऱ्याचा प्रकाश लुकलुकतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री आणि सौरडाग वाढलेल्या वर्षांत हे जास्त. १० मे २०२४ च्या सौर वादळात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत थांबले होते आणि आपल्या लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबडा उजेड दिसला होता. भारतावरच्या या थराचा त्रास विमानांना होऊ नये म्हणून इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं 'गगन' ही यंत्रणा उभारली. पंधरा ठिकाणांहून हा थर मोजून ती उपग्रहांमार्फत दुरुस्ती कळवते. हौशी माणसानं एवढंच करावं की रात्रीच्या नाटकावर ड्रोन नेण्याचा मोह आवरावा. सकाळची वेळ चांगली, उजेडाच्या दृष्टीनंही.

एका प्रकाराबद्दल मात्र मला स्पष्ट बोललं पाहिजे. काही ड्रोन बिरसीच्या परिसरात जीपीएस मिळाल्याबरोबर उडायला नकार देतात. ती खराबी नव्हे. विमानतळ जवळ आहे हे त्याला कळलेलं असतं. मग कुणीतरी हुशार मित्र सांगतो की जीपीएसवर चॉकलेटची चंदेरी चांदी गुंडाळ, म्हणजे त्याला कळणार नाही. असा ड्रोन उडतो खरा, पण आंधळा उडतो. त्याला घर नसतं, जागेवर थांबता येत नाही. आणि बिरसीच्या आकाशात वैमानिक होऊ पाहणारी विशीतली मुलं प्रशिक्षणाची छोटी विमानं घेऊन वर-खाली करत असतात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांपर्यंत, त्यापलीकडे मोकळ्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत मुभा आहे. गोंदिया शहरातल्या कितीतरी जणांना हे लागू होतं, तेव्हा सरकारी नकाशा पाहून घ्या. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. आणि पावसाळ्यात परसवाडा, झिलमिलीकडच्या बांध्यांत सारस घरट्यावर असतात. महाराष्ट्रात सारस उरलेत ते आपल्या या कोपऱ्यात, हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यांच्या घरट्यावर ड्रोन नेणाऱ्याचं यंत्र मी दुरुस्त करत नाही.

समजा, सगळी काळजी घेतली आणि तरी हवेत असताना जीपीएस गेलं. मोठ्या नेत्याचा दौरा असला की सुरक्षेसाठी लहरी अडवणारी यंत्रं लावली जातात, तेव्हाही असं होऊ शकतं. ड्रोन वाऱ्याबरोबर वाहू लागतो. माणूस घाबरून 'रिटर्न टू होम'चं बटण दाबतो. पण आपण कुठे आहोत हेच ज्याला कळत नाही, तो घरी कसा येणार? बटण सोडा, पडदा सोडा, मान वर करा आणि ड्रोनकडे पाहा. तुमच्या हातातल्या दांड्या अजून चालतात. नाक आपल्याकडे वळवा, थोडं थोडं ओढत आणा. सुरुवात केली तिथंच उतरवण्याचा हट्ट नको, जवळचं मोकळं वावर चालेल. याचा सराव मात्र आधी हवा. ज्यांच्या ड्रोनमध्ये जीपीएस बंद करून उडवायची सोय आहे, त्यांनी रिकाम्या मैदानात, वारा नसताना, दर महिन्याला दहा मिनिटं तसं उडवावं.

आणि ड्रोन हरवलाच, तर फोनमध्ये त्याचा शेवटचा नोंदलेला ठिकाणा असतो. तो आधी कागदावर लिहून घ्या, कारण फोनची बॅटरीही अशाच वेळी संपते. जीपीएस त्याआधीच गेलं असेल तर तो ठिकाणा जुना आहे हे लक्षात ठेवा आणि वारा ज्या दिशेला होता तिकडे शोधा. ड्रोनमध्ये शिटी वाजवायची, दिवा लुकलुकवायची सोय असेल तर संध्याकाळी, आवाज शांत झाल्यावर ती वापरा. धुऱ्याधुऱ्यानं चाला. धान लोंबीवर आलेलं असेल तर मालकाला विचारल्याशिवाय बांधीत उतरू नका. बहुतेक वेळा तोच आधी उतरतो आणि शोधून देतो.